चुलीवाचूनचा घास

श्रोतेहो, आज मी तुम्हाला दासगावच्या धक्क्यावर घेऊन जाणार आहे. विषय मात्र ऐकायला अगदी लहान वाटेल. घरी, भट्टीशिवाय, बहुधा चूलही न पेटवता करता येणारे आणि एका घासात संपणारे गोड-खारे खाद्यपदार्थ, म्हणजे शेंगदाण्याचा लाडू, कुरमुरे-डाळे, खजुराची गोळी. कुणी म्हणेल, यात इतिहास तो कसला? लढाया नाहीत, तह नाहीत, राजे नाहीत. थोडा धीर धरा. तह आहे, लढाही आहे, आणि लाडवाच्या डब्यापासून त्या लढ्यापर्यंत जायला फार लांब चालावे लागत नाही.

आधी भट्टीची गोष्ट सांगतो. हल्ली शहरातली मुले भट्टीत न भाजलेल्या खाऊचे मोठे नवल करतात. आपल्या घरात भट्टी होती कधी? पाव पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला, आणि आला तो बेकरीत राहिला. दिवाळीत नानकटाई करायची झाली तर पीठ मळून, गोळे थापून पत्रे बेकरीत भाजायला न्यायचे, ही मुंबई-पुण्याकडची पद्धत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. घरात होती चूल, तवा, कढई, उखळ आणि जाते. म्हणजे भट्टीवाचूनचा खाऊ ही आपल्याला नवी युक्ती नव्हे. आपला घरचा खाऊ पहिल्यापासून तसाच आहे. त्यातही एक मोठा भाग असा, की त्याला करतेवेळी जाळसुद्धा लागत नाही. आधी भाजून, कांडून, वाळवून ठेवलेले जिन्नस आयत्या वेळी एकत्र करायचे, की झाले.

ही रीत फार जुनी. लग्नात वधूच्या ओंजळीत लाह्या देतात, त्या लाजाहोमाच्या लाह्या म्हणजे भाजून फुलवलेले धान्यच. ऋग्वेदात शुद्ध वाणीला उपमा दिली आहे ती चाळणीने चाळून घेतलेल्या सातूच्या पिठाची. भाजलेले धान्य दळायचे, पाण्यात किंवा दुधात कालवायचे आणि खायचे, ही प्रवाशाची सोय त्या काळीही ठाऊक होती. सुदाम्याने द्वारकेला पोहेच नेले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. गरीब माणूस लांबच्या वाटेने मित्राकडे निघाला, तर फडक्याच्या टोकाला दुसरे काय बांधणार? भात नासतो, पोहे टिकतात. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ लिहिला, सुमारे ११२९ साली. त्यात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि राजाच्या ताटातल्या पदार्थांची सविस्तर वर्णने आहेत. पण राजाचे ताट लिहिले गेले आणि वाटसरूची शिदोरी लिहायची राहिली. मराठीत पाककृतींचे छापील पुस्तक यायला १८७५ साल उजाडावे लागले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ ते हे. तोवर हे सारे ज्ञान आजीकडून नातीकडे तोंडातोंडी आणि हातोहात चालत आलेले होते.

आता दासगाव. महाडच्या अलीकडे सुमारे पाच मैलांवर, सावित्री नदीच्या काठी हे गाव वसले आहे. खालच्या बाजूला बाणकोटची खाडी, गावाच्या डोक्यावर दौलतगडाचा डोंगर. भरतीचे पाणी खाडीतून इथवर चढते, म्हणून इथे बंदर झाले. मोठी गलबते इथवर येत, पुढे महाडपर्यंत लहान होड्या जात. हे बंदर किती मोलाचे होते, ते एका तहावरून कळते. १७५६ साली पेशवे आणि इंग्रज यांच्यात तह झाला, त्यात बाणकोटाबरोबर दासगावही इंग्रजांकडे गेले. मुंबईच्या इंग्रजाला घाटाच्या पायथ्याचे हे गाव हवेसे वाटले, यातच सारे आले.

बंदराच्या जागी काय होते? वरचे खाली येते आणि खालचे वर जाते. वरंध घाटातून आणि पोलादपूरच्या बाजूने देशावरचा गूळ, कांदा, लसूण, कडधान्ये बैलांच्या पाठीवरून उतरत. खाडीच्या वाटेने मीठ, सुके मासे, नारळ, आणि अरबस्तानाकडून कोकणच्या बंदरांत येणारा खजूर वर चढत असे. महाडचा भात तर घरचाच. पोलादपूरच्या डोंगरउतारांवर नाचणी, वरी, तीळ. हे सगळे एका जागी आले म्हणजे काय तयार होते, ते कुणाही गृहिणीला विचारा. ती म्हणेल, “गूळ आहे, खोबरं आहे, तीळ आहेत, पोहे आहेत, मीठ आहे. मग डबा भरायला किती वेळ?” आपल्या खाऊतली गोडी अशी घाट उतरून आलेली आहे, आणि खारटपणा खाडीतून चढलेला आहे. कोकणातल्या बायका मोदकाच्या उकडीत चिमूटभर मीठ घालायला विसरत नाहीत. गोडाची गोडी मिठाने खुलते, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही.

या डब्यात परदेशचे पाहुणेही पुष्कळ आहेत. मिरची, काजू, शेंगदाणा ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज दर्यावर्दी सोळाव्या शतकापासून तिकडची झाडे-बियाणे इकडे आणू लागले. काजू हा शब्दसुद्धा त्यांच्याच बोलीतून आलेला. भुईमुगाची शेती आपल्याकडे पसरली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. तेव्हा आज आपण ज्याला अस्सल मराठमोळा म्हणतो तो शेंगदाण्याचा लाडू काही शिवकालाइतका जुना नसावा. गूळ आपला, तीळ आपले, दाणा मात्र मागाहून येऊन घरचा झालेला. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. बंदरावरच्या गावाला पाहुणा परका वाटत नाही.

असे आपण म्हणतो खरे. पण याच वाटेवर माणसाला मात्र परके मानले गेले, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय या खाऊचा इतिहास पुरा होत नाही.

जुन्या घरातली सोवळ्याओवळ्याची भाषा आठवा. पाण्यात शिजवलेले अन्न ते खरकटे. भात, आमटी, भाकरी यांना हात लागला की विटाळ. भाजलेले, तळलेले, दुधातुपात केलेले अन्न मात्र निर्लेप. लाह्या, कुरमुरे, फुटाणे, लाडू हे निर्लेप, म्हणून ते प्रवासात चालत, उपासाच्या आदल्या-मागल्या दिवशी चालत, दुसऱ्याच्या ओसरीवर बसून खाता येत. तयार अन्न कुणाच्या हातचे घ्यायचे नाही, म्हणून कोरडा शिधा द्यायचा, हाही त्यातलाच प्रकार. आपल्याकडे कोरड्या, सुट्या खाऊचे एवढे प्रकार झाले, त्यांचे एक कारण टिकाऊपणा हे आहे. दुसरे कारण हा विटाळाचा विचार आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

या विचाराच्या तळाशी ज्यांना ढकलले होते, त्यांच्या वाट्याला काय येत होते? लाडूही नाही आणि शिधाही नाही. गावकीची कामे करून दारोदारची उरलीसुरली, शिळी भाकरी. पाणी मागितले तर वरून ओंजळीत ओतलेले.

दासगाव-महाडच्या परिसरात याविरुद्ध जी माणसे उभी राहिली त्यांत रामचंद्र बाबाजी मोरे हे एक. १९०३ साली जन्मलेले, दासगावाशी बालपण जोडलेले. महाडच्या बाजाराला लांबलांबून येणाऱ्या अस्पृश्य माणसाला दिवसभर घोटभर पाणी मिळायची मारामार असे. मोरे यांच्या धडपडीतून महाडात अशा लोकांसाठी चहाचे दुकान निघाले. चहाबरोबर पाणी मिळू लागले आणि चार माणसे एकत्र बसू लागली. जिथे चार माणसे बसतात तिथे विचार सुरू होतो.

पुढची हकीकत आपल्यापैकी शिक्षकांना ठाऊक आहेच. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे ठरवले. कागदावर ठरले, काठावर नाही. १९२७ च्या मार्चमध्ये, १९ आणि २० तारखेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महाडला परिषद भरली. त्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितले, की उष्टे-शिळे मागून खाणे आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा. अन्नाचा प्रश्न त्यांनी पोटापाशी सोडला नाही, स्वाभिमानापाशी नेला. २० मार्चला हजारो माणसे शांतपणे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर अफवा उठली, जमाव चालून आला. मांडवात जेवायला बसलेल्या माणसांना मारहाण झाली आणि शिजवलेले अन्न मातीत मिसळले गेले. श्रोतेहो, अन्न मातीत मिसळणे याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हीच आठवा. भुकेल्या माणसाच्या ताटात माती कालवणे, याहून मोठे पाप आपल्या आजीने सांगितलेले नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. मुंबईहून निघालेली मंडळी ‘पद्मावती’ बोटीने आली आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी उतरली ती दासगावच्या धक्क्यावर. स्वागताला तिथे सुमारे तीन हजार सत्याग्रही उभे होते. ज्या धक्क्यावर गूळ आणि मीठ यांची देवघेव चाले, त्याच धक्क्यावरून ही माणसे महाडकडे चालू लागली. महाडात त्यांच्यासाठी कुणी हिंदू जागा देईना. मांडव उभा राहिला तो एका मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर. बाजारातले व्यापारी माल विकायला तयार नव्हते, म्हणून धान्यसामग्री बाहेरून आणून साठवावी लागली. बाजारपेठेच्या गावात खिशात पैसे असूनही पसाभर धान्य मिळू नये, ही त्या काळची स्थिती. तळ्यावरच्या हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो १९३७ साली, १७ मार्चला, सत्याग्रहींच्या बाजूने.

हे सगळे मी खाऊच्या गोष्टीत का आणले? कारण आज शाळेतल्या मधल्या सुट्टीत दहा मुले एका डब्यातले शेंगदाणे मुठीने उचलतात, तेव्हा त्यांना वाटते की हे असेच चालत आले असेल. तसे ते चालत आलेले नाही. त्यासाठी माणसांनी मार खाल्ला आहे. गुरुजी, बाई, ही गोष्ट मुलांना डबा उघडतानाच सांगा. धड्यापेक्षा ती तिथे जास्त लक्षात राहील.

आता हाताने करायच्या भागाकडे वळू. तीन पदार्थ सांगतो. शेंगदाणे, तीळ भाजलेलेच आणलेत, तर यातल्या एकालाही चूल लागणार नाही. शाळेतही करता येतील.

पहिला, शेंगदाण्याचा लाडू. भाजून सोललेले दाणे दोन वाट्या, चिरलेला मऊ गूळ पाऊण ते एक वाटी, भाजलेले तीळ अर्धी वाटी, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ. दाणे खलबत्त्यात कुटायचे. अगदी पीठ करायचे नाही, थोडे रवाळ ठेवायचे. मग गूळ घालून पुन्हा कुटायचे. दाण्याचे तेल सुटले की गूळ त्याला धरतो आणि मुठीत लाडू वळतो. तूप लागत नाही, पाक लागत नाही. लहान लिंबाएवढा वळा, म्हणजे एका घासाचा होईल. पाण्याचा हात मात्र लावू नका. पाणी लागले की लाडू टिकत नाही.

दुसरा, खजुराची गोळी. बिया काढलेला मऊ खजूर एक वाटी, किसलेले सुके खोबरे अर्धी वाटी, काजूचे तुकडे मूठभर. सगळे मळून गोळ्या वळायच्या आणि तिळात घोळवायच्या. यात साखर नाही, गूळ नाही. खोबरे सुकेच घ्या. ओला नारळ घातलात तर गोळ्या दुसऱ्याच दिवशी आंबतील.

तिसरा खारा. चार वाट्या कुरमुरे दुपारच्या उन्हात टाकून कुरकुरीत करायचे. त्यात एक वाटी डाळे, एक वाटी खारे दाणे, दोन चमचे मेतकूट, चवीला तिखट, मीठ, अर्धा चमचा पिठीसाखर आणि दोन चमचे कच्चे गोडेतेल. हाताने हलके चोळायचे, की मसाला कुरमुऱ्याला धरतो. फोडणी नाही, धूर नाही. घरी पाहुणा आला आणि गॅस संपला असला, तरी मान खाली घालायचे कारण नाही.

हे पदार्थ टिकतात का? यात जादू काही नाही. अन्न नासवणाऱ्या बारीक जंतूंना आणि बुरशीला ओल लागते. भाजल्याने दाण्यातली ओल उडून जाते. गूळ, साखर आणि मीठ उरलेली ओल आपल्याकडे ओढून धरतात, जंतूंच्या वाट्याला ती येत नाही. म्हणूनच लोणचे, मुरांबा, खारवलेला मासा आणि लाडू यांचे शास्त्र एकच. पण आपल्या कोकणात हवाच ओली. डबा उघडा राहिला की कुरमुरे सादळतात. दाणा आणि खोबरे यांना दुसरे भय, ते म्हणजे खवटपणाचे. तेलाला हवा आणि ऊन लागले की वास बदलतो. यासाठी घट्ट झाकणाचा, कोरडा, स्टीलचा किंवा काचेचा डबा घ्यावा, सावलीत ठेवावा आणि आत ओला चमचा कधी घालू नये. दाण्यावर हिरवी-काळी बुरशी दिसली, तर निवडून खायचा लोभ धरू नका, सरळ टाकून द्या. त्या बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही. अगदी लहान मुलाला अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो. कूट द्यावे. आणि शाळेत वाटताना कुणाला शेंगदाणा सोसत नाही का, हे आधी विचारावे.

आता शेवटची गोष्ट. पूर्वी या भागातल्या घरांत पावसाळ्याची बेगमी होत असे. चैत्र-वैशाखात पोहे कांडून, डाळी भरून, पापड-कुरड्या वाळवून ठेवायच्या, कारण आषाढात ओढे-नाले भरले की वाट बंद आणि लाकडे ओली. मग रस्ते झाले, मुंबई-गोवा महामार्ग झाला, कोकण रेल्वे आली. बोट बंद पडली, धक्का शांत झाला. कोपऱ्यावरच्या दुकानात सगळे मिळते, बेगमी कशाला, असे वाटू लागले. आणि २००५ च्या जुलैअखेरीस अतिवृष्टीत या तालुक्यात दरडी कोसळल्या. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांत माणसे गेली, घरे गाडली गेली. २०२१ च्या जुलैत महाड पुन्हा पुरात बुडाले, आणि तळियेवर दरड आली. अशा दिवशी दुकान पाण्यात असते, गॅसची टाकी वाहून गेलेली असते, काडीपेटी भिजलेली असते. पाणी चढलेल्या घराच्या माळ्यावर बसलेल्या लेकराला तेव्हा काय हवे असते? चुलीवाचूनचा घास.

म्हणून माझी एक विनंती आहे. यंदा ज्येष्ठ संपण्यापूर्वी घरात एक डबा भरा. लाडू, खजुराच्या गोळ्या, कुरमुरे-डाळे, आणि शेजारी पिण्याच्या पाण्याची झाकलेली कळशी. डबा उंचावर, हाताला येईल असा ठेवा. पंधरवड्याने तो मुलांकडून संपवून घ्या आणि नवा भरा, म्हणजे माल वायाही जाणार नाही. शाळांनीही एक मोठा डबा ठेवावा. तो भरण्याचे काम मुलांनीच करावे, सगळ्यांनी मिळून, एकाच परातीत हात घालून. हात आधी स्वच्छ धुवावेत, एवढीच अट. त्या हातांची दुसरी कुठलीही चौकशी करायची नाही.

आणि शेजारच्या घरात डबा भरायचा राहिला असेल, तर आपल्यातले चार लाडू तिकडे द्या. त्यांच्याकडचे दोन आले, तर तिथल्या तिथे तोंडात टाका.